'तिलावा': एक पाणबुडी, दोन आठवणी

२३ नोव्हेंबर १९४२ च्या मध्यरात्रीनंतर अरबी समुद्राच्या दक्षिण भागात 'आय-२९' या जपानी पाणबुडीने 'तिलावा' नावाचे प्रवासी-मालवाहू जहाज बुडवले. जहाज तीन दिवसांपूर्वी मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाले होते. त्यावर ९५८ माणसे होती. त्यांपैकी २८० मरण पावली. या घटनेनंतर पाच महिन्यांनी, २८ एप्रिल १९४३ रोजी, मादागास्करच्या आग्नेयेस खवळलेल्या समुद्रात एका जर्मन पाणबुडीतून उतरून एक भारतीय नेता आणि त्याचा सहकारी रबरी तराफ्यातून एका जपानी पाणबुडीवर पोचले. नेते होते सुभाषचंद्र बोस, सहकारी आबिद हसन, आणि ती जपानी पाणबुडी होती 'आय-२९'.

यांतील दुसरी घटना मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. नेताजींच्या प्रत्येक चरित्रात ती येते. पाणबुडीवरील जपानी नौसैनिकांसमवेत काढलेले त्यांचे छायाचित्र अनेकांनी पाहिलेले असते. पहिली घटना मात्र आपल्या इतिहासलेखनात जवळपास नाही. दोन्ही घटनांत पाणबुडी तीच, तिचा कप्तान तोच (इझु जुइचि), समुद्रही तोच. असे असता एक घटना राष्ट्राच्या स्मृतीत गेली आणि दुसरी काही कुटुंबांच्या घरांत राहिली. हे कसे झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नेताजींच्या थोरवीचे मोजमाप करण्याचा त्यात हेतू नाही. एकाच लोखंडी नळकांड्यातून आलेल्या दोन आठवणी शेजारी ठेवून पाहिल्या तर काय दिसते, एवढेच येथे तपासायचे आहे.

अकोला-अमरावतीकडच्या माणसाने समुद्रावरच्या या गोष्टीत का पडावे, असे कोणी विचारील. वऱ्हाडातून समुद्र दिसत नाही. पण गेली दीडशे वर्षे वऱ्हाडचे बरेवाईट समुद्राने ठरवले आहे. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट कलकत्त्याकडे जाई. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवरून माल पाठवल्याची नोंद गॅझेटियरने जपली आहे. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोचली, १८७०-७१ मध्ये तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेल्या खामगावला आणि अमरावतीला मुख्य मार्गापासून फाटे काढण्यात आले, आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराशी बांधला गेला. लिव्हरपूलच्या बाजारात मध्य हिंदुस्थानातील आखूड धाग्याच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. हे नाव उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे. ज्या शेतकऱ्याने मुंबईही पाहिली नव्हती, त्याच्या गावाचे नाव अशा रीतीने परदेशी गोदामांतील गाठींवर छापले जात होते.

पुढे या मालाची दिशा बदलली. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने आणि निप्पॉन युसेन कायशा या जपानी कंपनीच्या साहाय्याने मुंबई ते कोबे अशी जहाजवाहतूक सुरू झाली. आखूड धाग्याचा स्वस्त कापूस मिसळून सूत काढण्याचे तंत्र ओसाकाच्या गिरण्यांनी साधले होते. पहिल्या महायुद्धानंतर तर हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्या कापसापैकी सुमारे निम्मा एकटा जपान घेऊ लागला. तोयो मेन्का, गोशो अशा जपानी पेढ्यांचे खरेदीदार देशातील कापूसपट्ट्यांत आतवर पोचले. रॅली आणि फोल्कार्ट या जुन्या युरोपीय पेढ्यांशी त्यांची चढाओढ चाले. १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला तेव्हा दिल्लीत वाटाघाटी झाल्या आणि १९३४ चा करार झाला: जपानने वर्षाला किमान दहा लाख गाठी घ्याव्यात आणि त्या बदल्यात जपानी कापडाला येथे ठरावीक वाटा मिळावा. म्हणजे चाळीसच्या दशकात जपान हा वऱ्हाडी शेतकऱ्याला परका देश नव्हता. तो त्याचा गिऱ्हाईक होता. त्याने पाठ फिरवली की अकोल्याच्या कापूस बाजारात भाव उतरत.

जुलै १९४१ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली, डिसेंबरमध्ये युद्ध पेटले आणि हा गिऱ्हाईक शत्रू झाला. आखूड धाग्याच्या कापसाची बाजारपेठ एकाएकी बंद पडली. ज्या समुद्रमार्गांनी गाठी जात, त्यांवर आता पाणबुड्या फिरू लागल्या. जानेवारी १९४२ मध्येच सिंदिया कंपनीचे 'जलराजन' जपानी पाणबुडीने बुडवले. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये ब्रिटिश मक्तेदारीविरुद्ध उभी केलेली ही स्वदेशी कंपनी. पुढे ऑक्टोबर १९४३ मध्ये तिचेच 'जलबाला' एका जर्मन पाणबुडीला बळी पडले. समुद्रावर स्वदेशी आणि विलायती असा भेद पाणतीर करीत नव्हता.

'तिलावा' विलायती होते. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीसाठी १९२४ मध्ये इंग्लंडातील टाइन नदीकाठच्या हॉथॉर्न लेस्ली गोदीत ते बांधले गेले. वजन १०,००६ टन. 'तलांबा' हे त्याचे जुळे जहाज. रुग्णालय-जहाज म्हणून काम करीत असताना जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर तेही विमानांच्या बाँबहल्ल्यात बुडाले. या कंपनीच्या जहाजांवर केबिनमधले उतारू थोडे असत. बहुसंख्य उतारू डेकवरचे. आपापली वळकटी, ट्रंक आणि शिधा घेऊन ते डेकवर किंवा त्याखालच्या मोकळ्या मजल्यांवर जागा धरीत. मोंबासा, लॉरेन्सो मार्क्विस (आजचे मापुतो) आणि दरबान या बंदरांकडे जाणारे हे लोक प्रामुख्याने गुजरात, कच्छ-काठियावाड आणि पंजाबातले होते: दुकानदार, कारागीर, रेल्वेत नोकरी करणारे, आणि आफ्रिकेत स्थिरावलेल्या नवऱ्याकडे किंवा बापाकडे निघालेल्या बायका-मुले.

जहाज चालवणारेही बहुतांशी हिंदीच. मुंबईहून सुटणाऱ्या अशा जहाजांवर सारंग आणि तांडेलांच्या हाताखाली काम करणाऱ्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने असत. खानपानाच्या कामावर गोवेकर असत. ब्रिटिश खलाशाच्या वेतनाचा एक लहानसा अंश त्यांना मिळे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच अनेक बंदरांतील हिंदी खलाशांनी संप केले ते याच कारणाने. धोका सर्वांना सारखा होता, मोबदला मात्र कातडीच्या रंगाप्रमाणे वेगळा.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' मुंबईहून निघाले. ७३२ उतारू, २२२ जणांचा नोकरवर्ग आणि ४ तोफची. पोटात ६,४७२ टन माल, आणि त्यात सुमारे ६० टन चांदी: २,३९१ लगडी. जहाजावर चार इंची तोफ बसवलेली होती. सोबत ताफा नव्हता, युद्धनौका नव्हती. हिंदी महासागरात संरक्षणासाठी पुरेशा नौका त्या काळी ब्रिटिशांकडे नव्हत्या. वेगवान जहाजांनी एकट्यानेच जावे, अशी रीत पडली होती.

२३ तारखेला पहाटे दोनच्या सुमारास पहिला पाणतीर लागला. स्थान होते उत्तर अक्षांश ७ अंश ३६ मिनिटे, पूर्व रेखांश ६१ अंश ८ मिनिटे. सेशेल्स बेटांपासून ईशान्येला सुमारे ९३० मैल. सर्वजण झोपेत होते. डेकवर एकच आकांत झाला. लोक होड्यांकडे धावले. काही होड्या घाईत सोडताना उलटल्या, काही माणसे चेंगरली. या घबराटीवर अधिकाऱ्यांच्या कथनात बराच भर दिलेला आढळतो. तो वाचताना एक गोष्ट विसरू नये. डेक-उतारू म्हणजे जहाजावरचा असा वर्ग, ज्याच्याशी इंग्रजी हुकुमांचा संबंध फक्त संकटसमयीच येई. काळोखात, न कळणाऱ्या भाषेत, मुले कडेवर घेऊन त्यांनी शिस्त पाळावी, ही अपेक्षा करणे सोपे आहे.

पहिल्या तडाख्याने जहाज लगेच बुडाले नाही. होड्या दूर सरल्या. जहाज तरून राहील असे वाटून काही जण परत त्यावर चढू लागले. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा पाणतीर लागला. त्यानंतर जहाज काही मिनिटांतच पाण्याखाली गेले. रेडिओ अधिकारी शेवटपर्यंत संकटाचा संदेश पाठवीत राहिला आणि जहाजासोबत गेला. त्याच संदेशामुळे पुढचे ६७८ जण वाचले, असे म्हणता येईल. होड्यांत आणि तराफ्यांवर दोन दिवस काढल्यावर २५ नोव्हेंबरला 'बर्मिंगहॅम' ही ब्रिटिश युद्धनौका तेथे पोचली. तिने ६७४ माणसे उचलली आणि २७ तारखेला मुंबईत आणली. आणखी चौघे 'कार्थेज' या जहाजाला सापडले. मृतांत २५२ उतारू आणि २८ नोकरवर्गातले होते.

ही बातमी लोकांपर्यंत पोचण्याचा मार्गच नव्हता. जहाजांच्या हालचाली आणि नुकसान छापण्यावर युद्धकाळात कडक निर्बंध होते. वऱ्हाड-मध्यप्रांतातील वाचकाला तर छापील शब्दांवरच्या टाचेचा वेगळा अनुभव त्याच महिन्यांत येत होता. ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाला होता. अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा येथे लोकांनी गोळ्या झेलल्या होत्या. तुकडोजी महाराजांना अटक झाली होती. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी नोव्हेंबरातच उपोषण आरंभले होते. ते ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. त्याच्या बातम्यांवर सरकारने बंदी घातली, तेव्हा निषेध म्हणून ६ जानेवारीला देशभरातील अनेक वृत्तपत्रे बंद राहिली. चिमूरसाठी वृत्तपत्रे झगडली, कारण चिमूर जमिनीवर होते. तेथे जाता येत होते, साक्षी मिळत होत्या, मागणी करणारा माणूस होता. 'तिलावा'साठी कोणी झगडले नाही. ज्यांच्या दारी माणूस परतला नाही, त्यांच्याकडे शोक करण्यापलीकडे काही उरले नाही.

आता पाणबुडीकडे वळू. 'आय-२९' ही फेब्रुवारी १९४२ मध्ये योकोसुका येथे तयार झाली. लांबी सुमारे १०९ मीटर. एका दमात १४,००० सागरी मैल जाण्याची क्षमता. डेकवर घडी करून ठेवता येणारे एक लहान विमान. सिंगापूर आणि मलाया पडल्यावर पेनांग हा जपानी पाणबुड्यांचा तळ झाला आणि हिंदी महासागर त्यांच्या टप्प्यात आला. जपानी नौदलाची मूळ शिकवण पाणबुड्यांनी युद्धनौका टिपाव्यात अशी होती. व्यापारी जहाजांवर हल्ले करावेत यासाठी जर्मनीचा आग्रह होता. सुवेझकडे आणि इराणी आखाताकडे जाणारी ब्रिटिश रसद तोडणे, हे त्यामागचे गणित.

कायद्याच्या दृष्टीने हा हल्ला कसा होता? १९३० च्या लंडन नौदल तहात घातलेला आणि १९३६ मध्ये स्वतंत्र मसुद्याने दृढ केलेला नियम असा की, व्यापारी जहाज बुडवण्यापूर्वी पाणबुडीने त्यावरील माणसांना सुरक्षित स्थळी पोचवले पाहिजे, आणि भर समुद्रातली होडी हे सुरक्षित स्थळ मानता येत नाही. जपान या नियमाला बांधलेला होता. 'तिलावा'ला इशारा मिळाला नाही. त्यावर तोफ होती, रेडिओवरून ते शत्रूची खबर देऊ शकत होते, हा बचाव करता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु या नियमाचे काय झाले ते न्यूरेंबर्गला १९४६ मध्ये उघड झाले. जर्मन नौसेनापती डोनिट्झवर खटला चालला तेव्हा अमेरिकन अ‍ॅडमिरल निमित्झ यांचा लेखी जबाब पुढे आला: अमेरिकेनेही युद्धाच्या पहिल्या दिवसापासून पॅसिफिक महासागरात असेच अनिर्बंध पाणबुडीयुद्ध चालवले होते. ते आणि ब्रिटिशांचे आदेश लक्षात घेऊन, पाणबुडीयुद्धाच्या नियमभंगासाठी डोनिट्झच्या शिक्षेत काही धरले गेले नाही. सर्वच पक्षांनी नियम मोडला होता, म्हणून नियमच बाजूला ठेवला गेला. या बरोबरीत 'तिलावा'वरच्या माणसांचा हिशेब कोणाच्याच नावे मांडला गेला नाही.

याच पाणबुडीला एप्रिल १९४३ मध्ये एक वेगळे काम सोपवण्यात आले. सुभाषबाबू फेब्रुवारीत कील बंदरातून 'यू-१८०' या जर्मन पाणबुडीने निघाले होते. वाटेत, १८ एप्रिलला, दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात या पाणबुडीने 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले. नेताजी तेव्हा पाणबुडीतच होते. व्यापारी जहाज बुडताना कसे दिसते, हे त्यामुळे त्यांच्या प्रवासाचाच एक भाग झाले. आठवड्याभराने ठरलेल्या ठिकाणी दोन्ही पाणबुड्या भेटल्या. समुद्र इतका खवळलेला होता की दोन दिवस थांबावे लागले. २८ तारखेला दोघे 'आय-२९'वर आले. तेथे आल्यावर घरी परतल्यासारखे वाटले, असे आबिद हसन यांनी पुढे सांगितले आहे. जर्मन पाणबुडीतल्या कोंदट महिन्यांनंतर आशियाई यजमानांचा पाहुणचार त्यांना सुखाचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. मेच्या पूर्वार्धात ते सुमात्राजवळच्या सबांगला उतरले आणि तेथून विमानाने टोकियोला गेले. पुढचा इतिहास, आझाद हिंद सेनेचा, सर्वश्रुत आहे.

पाच महिन्यांपूर्वी याच पाणबुडीने जी माणसे मारली, त्यांत मोठ्या संख्येने हिंदी होते. हे वाक्य लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण ते आरोपासारखे वाचले जाण्याचा धोका आहे. तो आरोप नाही. गुलाम देशाच्या नेत्याला मित्र निवडण्याची फारशी मोकळीक नसते. ज्याची पाणबुडी मिळेल तिने जावे लागते. पण ही सवलत जर आपण नेत्याला देत असू, तर ती 'तिलावा'वरच्या उतारूलाही द्यावी लागेल. त्यालाही जहाज निवडण्याची मोकळीक नव्हती. आफ्रिकेच्या मार्गावर ब्रिटिश कंपन्यांचा पगडा होता. तो मोडण्यासाठी सिंदियाच्या चालकांनी वीस वर्षे झुंज दिली आणि त्यांना फारसे यश आले नाही. मुलाबाळांना घेऊन आफ्रिकेला जायचे तर युनियन जॅक फडकवणाऱ्या जहाजावरच बसावे लागे. जहाज शत्रूचे होते असे म्हणून त्यावरची माणसे शत्रूची ठरत नाहीत.

आपल्या राष्ट्रीय इतिहासकथनाची अडचण नेमकी येथे आहे. त्या कथनात दोन बाजू असतात: साम्राज्य आणि त्याच्याशी लढणारे. 'तिलावा'वरचा मृत कोणत्याही बाजूला बसत नाही. तो ब्रिटिशांच्या गोळीने मेला असता तर हुतात्मा झाला असता. जपान्यांशी लढताना सैनिक म्हणून मेला असता तर युद्धस्मारकावर त्याचे नाव कोरले गेले असते. तो प्रवास करीत असताना मेला. शत्रूच्या शत्रूने त्याला मारले. अशा मृत्यूला ठेवायला आपल्या कथनात फडताळच नाही.

फडताळ सापडले ते चांदीला. २०१७ मध्ये 'अर्जेंटम एक्स्प्लोरेशन' या ब्रिटिश कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून 'तिलावा'तील २,३६४ लगडी, म्हणजे जवळजवळ सगळीच चांदी, वर काढली आणि साऊदॅम्प्टनला नेऊन जाहीर केली. ही चांदी १९४२ मध्ये दक्षिण आफ्रिका संघाच्या सरकारने विकत घेतली होती. मुख्यतः नाणी पाडण्यासाठी ती दरबानला चालली होती. दक्षिण आफ्रिकेने मालकी सांगितली. कंपनीने चांदी काढल्याचा मोबदला मागितला. प्रश्न असा उभा राहिला: परकीय सरकारला इंग्लंडच्या कोर्टापासून जे संरक्षण असते, ते या चांदीला लागू होते का? १९७८ च्या कायद्याप्रमाणे, जहाज आणि माल हे दोन्ही त्या वेळी व्यापारी उपयोगात असतील तर ते संरक्षण जाते. उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले की चांदी व्यापारी करारान्वये वाहून नेली जात होती, सबब ती व्यापारी उपयोगात होती. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने तेच मानले. ८ मे २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते उलटवले: जहाजाच्या पोटात पडून असलेली चांदी कोणत्याही 'उपयोगात' नव्हती, ती केवळ नेली जात होती, म्हणून दक्षिण आफ्रिकेला संरक्षण आहे. निकालाच्या थोडे आधी दोन्ही पक्षांनी आपसात तडजोडही केली होती.

निकाल कायद्याच्या दृष्टीने काळजीपूर्वक लिहिलेला आहे आणि त्यावर टीका करण्याचे कारण नाही. लक्ष वेधून घेते ते चर्चेचे स्वरूप. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबई बंदरात भरलेला एकूण एक लगडीचा आकडा उपलब्ध होता. तिचा मालक कोण, तो तेव्हा कोण होता आणि आज त्याचा उत्तराधिकारी कोण, हे निर्विवाद होते. जहाज बुडाल्यावर ८१ वर्षांनी देशातील सर्वोच्च कोर्टाने बसून ठरवले की त्या रात्री चांदी नेमकी कोणत्या अवस्थेत होती. चांदीच्या शेजारी झोपलेल्या माणसांची त्या रात्रीची अवस्था कोणत्याही कोर्टापुढे आली नाही. असे घडले ते क्रूरपणामुळे नव्हे. ज्या गोष्टीला मालक असतो तिची कागदपत्रे राहतात, आणि ज्याची कागदपत्रे राहतात त्याच्यासाठी भांडता येते, एवढाच याचा अर्थ. कापसाच्या वायद्यांत आणि अडत्यांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्या अडकलेल्या वऱ्हाडाला हे तत्त्व कोणी नव्याने समजावून सांगायला नको. गाठींवर ठसा असे, वजन असे, प्रत असे. पिकवणाऱ्याचे नाव त्यावर नसे.

खलाशांच्या बाबतीत निदान एक नोंद झाली. मुंबईत मशीद बंदर परिसरातील इंडियन सीमेन्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी दर्यावर्दींचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक व्यापारी खलाशांची नोंद तेथे आणि चितगावला आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग ती सांभाळतो. मराठी वाचक तिकडे फारसा फिरकत नाही, पण कोकणातल्या अनेक गावांची नाळ तेथे पुरलेली आहे. उतारू मात्र कोणत्याच दलाचे नव्हते. त्यांच्यासाठी जे झाले ते त्यांच्या नातवंडांनी केले. वाचलेल्यांची आणि मृतांची नावे जमवणे, कुटुंबे शोधणे, आठवणी लिहून घेणे हे काम अलीकडच्या काळात वंशजांनी हाती घेतले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, ८० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, बॅलार्ड इस्टेटमध्ये स्मरणसभा भरवली. त्या निमित्ताने 'तिलावा'ला 'भारताचे टायटॅनिक' म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती सोयीची असली तरी योग्य नाही. टायटॅनिक हिमनगावर आदळले. तेथे मारणारा कोणी नव्हता. येथे होता, आणि त्याचे नाव-गाव आपल्याला माहीत आहे.

'आय-२९'चाही शेवट पाण्यातच झाला. फ्रान्समधील लोरियाँ बंदरातून जर्मन यंत्रसामग्री घेऊन परतताना २६ जुलै १९४४ रोजी फिलिपाइन्सच्या उत्तरेस 'सॉफिश' या अमेरिकन पाणबुडीने तिला बुडवले. इझु तोवर दुसऱ्या कामगिरीवर गेला होता. मेले ते दुसऱ्या कप्तानाच्या हाताखालचे नौसैनिक. त्यांनाही कोणी इशारा दिला नव्हता.

अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा या गावांच्या नावांना आज 'शहीद' हा शब्द जोडलेला आहे. सरकारी कागदात, एस.टी.च्या पाटीवर, टपालाच्या पत्त्यात १९४२ चे मृत असे रोज उच्चारले जातात. जमिनीवरच्या मृत्यूला ही सोय मिळते. ज्या मातीवर माणूस पडला तिचे नावच त्याचे स्मारक होते. उत्तर अक्षांश ७ अंश ३६ मिनिटे या ठिकाणी अशी पाटी लावता येत नाही. तेथे निदान एवढे करता येईल: नेताजींच्या प्रवासाचे वर्णन लिहिताना पाणबुडीचे नाव लिहावे, आणि पाणबुडीचे नाव लिहिताना पाच महिन्यांपूर्वीची ती रात्रही लिहावी. त्याने नेताजींचा प्रवास लहान होत नाही. २८० माणसांना मात्र त्यांची तारीख परत मिळते.